माळंगीची घरदावणी

माळंगी तलाव
शुक्रवार, १७ मे २०२४, संध्याकाळ

प्रिय अण्णा,

जय भीम.

फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेज वाचल्याची खूण येऊन तिथंच थांबते. म्हणून शेवटी कागद घेतला. भिलाईचा पत्ता सुनयनावहिनींकडून मागून घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच फार मागे लागले होते.

दोन वर्षांपूर्वी तू मला काय म्हणालास आणि मी तुला काय म्हणाले, ते आज उकरणार नाही. बाबांची मुलगी देव्हाऱ्यांचे आणि जत्रांचे फोटो काढत फिरते, याचा तुला राग आहे. असू दे. आज मला वेगळंच सांगायचं आहे, आणि ते ऐकून ज्याला काही वाटेल असा माणूस जगात तू एकटाच आहेस.

मी माळंगीला आले आहे. हो, आईच्याच माळंगीला.

आठवतं ना, सुट्टीत सगळी पोरं आजोळी निघाली की आपण विचारायचो, आई, आपलं आजोळ कुठाय? ती म्हणायची, पाण्यात. बस. पुढं एक शब्द नाही. मी शाळेत तसंच सांगितलं आणि बाईंनी मला खोटारडी ठरवलं. तू माझ्या बाजूनं भांडायला आला होतास, पण धरण कुठलं हे तुलाही सांगता येईना.

इथं येण्याचं असं झालं. मी उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी सुट्या भागांचे फोटो काढते, हे तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात स्वरूप नावाच्या मुलाचा फोन आला. तलावाकाठी त्यानं तंबू लावलेत, शनिवार-रविवारी बेळगाव-कोल्हापूरकडची माणसं येऊन राहतात. त्याला तलावाचे आणि इथल्या एका सणाचे फोटो हवे होते. मी विचारलं, कुठला तलाव? तो म्हणाला, माळंगी. मी पुढचं काही न विचारता हो म्हणून टाकलं.

आईला मात्र हिडकल धरणावर जाते असं सांगून आले. हे तुला सांगते आहे, तिला नाही.

निपाणीहून बस, आणि शेवटचा कच्चा रस्ता स्वरूपच्या जीपमधून. गेल्या वर्षी पाऊस नीट झाला नाही, त्यामुळे पाणी खूप मागं हटलंय. काठाच्या मातीवर, पाणी जसं उतरत गेलं तशा, पायऱ्यांसारख्या रेषा उमटल्यात. गाळात लोकांनी कलिंगडाचे वेल लावलेत. एका बाजूला तंबू, रंगीत खुर्च्या, पोरांची आरडाओरड. दुसऱ्या बाजूला काठावर एक भलीमोठी लोखंडी काहील पालथी घातलेली. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती काहील. मला वाटलं, रविवारी जेवणावळ असेल. स्वरूप हसला. म्हणाला, "मॅडम, ती आमची नाव आहे."

तर सण असा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की एका रविवारी माळंगीच्या लेकी येतात. सदलगा, चिकोडी, इचलकरंजी, जिथं दिल्या असतील तिथून. काहिलीत बसून त्या पाण्यात जातात आणि जुनं गाव जिथं बुडालं तिथं आपापलं घर दाखवतात. रिकाम्या पाण्यावर बोट ठेवून. याला घरदावणी म्हणतात.

मी विचारलं, "हे कधीपासून चालतं?"

"हजार वर्षांची परंपरा आहे मॅडम."

"अरे, तलावालाच पन्नास वर्षं होताहेत."

तो जरा विचारात पडला. म्हणाला, "मग पाचशे लिहूया का? काठावर मोठा फलक लावायचाय."

अण्णा, मला हसू आलं, पण प्रश्न काही जाईना. पन्नास वर्षांची रीत म्हणजे ती कुणीतरी सुरू केली असणार. पहिल्यांदा काहिलीत बसलेलं माणूस कदाचित अजून जिवंत असेल. स्वरूप म्हणतो, त्याच्या पणजीनं, थोरल्या पाटलीणबाईनं सुरू केलं. जीपमधला दुसरा एक जण म्हणाला, देवीनं स्वप्नात सांगितलं. दोघांनाही नक्की माहीत नाही, पण दोघंही ठामपणे बोलतात.

मी उतरलेय ती गुणाबाई नावाच्या म्हातारीच्या घरी. स्वरूपच्या पाहुण्यांचा स्वयंपाक तीच करते. मी आल्याआल्या तिनं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "कुणाच्यातली गं तू?"

मी म्हणाले, "बेळगावची."

हे उत्तर नव्हे, हे तिलाही कळलं.

उपासना


माळंगी
शनिवार, १८ मे

अण्णा,

कालचं पत्र अजून पिशवीतच आहे. इथं पोस्ट नाही. हे त्याच्याच सोबत येईल.

सकाळी काहील सरळ करताना फोटो काढले. परशराम म्हणून एक माणूस आहे, पूर्वी गुऱ्हाळावर होता, आता वर्षातून एकदा ही काहील चालवतो. आतून चिंचेनं घासली, बाहेरून भोकं आहेत का बघितली. काहील सरळ जात नाही म्हणे, गरगर फिरते. एकानं फळीनं वल्हवायचं आणि बाकीच्यांनी हलायचं नाही, एवढाच तिचा नियम. "पर बायका हलत्यात," असं तो फार दुःखानं म्हणाला.

दुपारी गुणाबाई परसात मासे साफ करत होत्या. मी जवळ बसले आणि तोच प्रश्न विचारला. घरदावणी पहिल्यांदा कुणी केली?

"तू कशाला इचारतीस? फोटू काढ की."

"मला कळायला हवंय."

"आदी तू कुणाची ते सांग. मग मी सांगतो."

मग मी सांगितलं. आईचं नाव लक्ष्मी, आजोबांचं कल्लाप्पा. ओढ्यापलीकडच्या वस्तीतले.

विळीवरचे त्यांचे हात थांबले. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "कपाळ तिचंच हाय." आणि पुन्हा मासे कापायला लागल्या. मला वाटलं, विषय संपला. पण त्यांनी मासे धुऊन टोपलीखाली झाकले, हात पुसले आणि सगळं सांगितलं. त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत ते बिघडेल.

"पाणी भरलं त्याच्या फुडला उनाळा. आमी सगळी हितं वर पत्र्याच्या खोपटात. गाव गेलं म्हणून बायका नुसत्या काठाला बसून असायच्या. तर कल्लाप्पा घरोघरी फिरून वाळकं भोपळं मागाय लागला. आमाला वाटलं बियाला पायजे आसंल. त्येनं ते भोपळं बांबूला बांधलं आणि सांगड केली. तिच्यावर तुझी आई पालथी निजली, ही अशी, तोंड पाण्याकडं, डोळ्याच्या दोन्ही बाजूला हात लावून. आणि कल्लाप्पा मागनं पोहत ढकलत निघाला. सगळं गाव बघतंय. पार मदी गेली. ओढ्याच्या पल्याड, तुमच्या वस्तीवर. तिथं थांबली. लांबनं दिसत हुतं, तिचं खांदं हलत हुतं. पोरगी रडत हुती."

"मग?"

"मग काय. थोरली पाटलीण उठून हुबी ऱ्हायली. म्हणाली, त्येंच्या पोरीनं घर बघितलं, आन् मी पाटलीण आसून हितं वाळूत बसलोय! चार दिसांत गुऱ्हाळावरनं काहील आणली. फुडल्या वरसाला नारळ आला, मग हळदकुकू आलं, मग म्हणाय लागली देवीनं सांगितलं."

"आणि आई? पुढच्या वर्षी?"

गुणाबाईंनी हे लपवलं नाही. "आलती. काठाला आलती, नवं लुगडं नेसून. तिला म्हटलं, तुमी तुमच्या सांगडीवरनं जावा. म्हणणाऱ्यात मी नव्हतो. पर मी काहिलीत बसलोतो, आणि मी उतरलो न्हाई. त्याच वरसाला कल्लाप्पा बिऱ्हाड घिऊन निपाणीला गेला, तंबाकूच्या वखारीत. परत कोण आलं न्हाई."

 मांजर टोपलीभोवती फिरत होतं.

अण्णा, तू म्हणशील, बघ, मी सांगत नव्हतो? म्हण. तुझं म्हणणं खोटं नाही. पण मला तेवढ्यावर थांबता येत नाहीये. चौदा वर्षांची पोर पाण्यावर पालथी पडून काय बघत होती? पूजा तर नव्हती ती. नवस नव्हता. मग काय होतं? आणि हे सगळं पोटात ठेवून आई आपल्यासमोर इतकी वर्षं नुसतं "पाण्यात" एवढंच का म्हणत राहिली?

उपासना


माळंगी
रविवार, १९ मे, दुपार

अण्णा,

घरदावणी झाली. बसची वाट बघत लिहिते आहे. अक्षर लागेल तसं लाव.

सकाळी सगळ्या लेकी काठावर जमल्या. म्हाताऱ्या, मधल्या, एक तर दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन. फोटो काढायचे म्हणून मला पहिल्याच फेरीत घेतलं. गुणाबाई धरून आम्ही सात जणी, शिवाय परशराम. काहील खरंच गरगर फिरते. काठ एकदा समोर येतो, एकदा पाठीमागं जातो, आणि बायका किंचाळतात आणि हसतात. परशराम ओरडतो, "हलू नगासा! हलू नगासा!"

मग एके ठिकाणी तो फळी आडवी धरून काहील थांबवतो आणि विचारतो, "कुणाची गं लेक?"

ती सांगते.

"घर दाव."

आणि ती दाखवते, अण्णा. नुसतं हिरवट पाणी, पण ती हात लांब करून दाखवते. हितं सोपा, हितं न्हाणी, हितं म्हशीचा खुंटा. फुलं सोडते. परशराम फळीनं काहिलीच्या काठावर ठोका देतो आणि पुढं निघतो. चिकोडीची एक मुलगी माझ्याहून लहान. तिच्या जन्माआधीच गाव बुडालेलं. तरी तिचं आणि तिच्या आत्याचं भांडण लागलं, तुळस दाराच्या उजवीकडं होती की डावीकडं. आत्या म्हणते, "मी पाणी घालत हुतो तिला!" मुलगी म्हणते, "आईनं मला डावीकडं सांगितलंय." शेवटी परशराम म्हणाला, "मदी सोडा फुलं."

मी फोटो काढत होते, पण फोटोत काय येतंय? पाण्याकडं बोट दाखवणाऱ्या बायका. घर कसं आणायचं फोटोत, हे मला सुचेना.

सगळ्यांचं झालं. परशरामनं काहील वळवली. तेव्हा गुणाबाई म्हणाल्या, "हिचं ऱ्हायलं की."

"त्या फोटूवाल्या हायत," परशराम म्हणाला.

"इचार तरी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. कॅमेरा माझ्या हातातच होता. "कुणाची गं लेक?"

मी म्हणाले, "कल्लाप्पाच्या लक्ष्मीची. ओढ्यापलीकडची."

 पोराची आई पोराचं टोपडं नीट करायला लागली. सदलग्याच्या वयस्क बाईनं पदर आवरून घेतला, का ते मला माहीत नाही, वारंही होतं. परशराम पाण्याकडं बघत म्हणाला, "तिकडं काहील जात न्हाय. दगडं हायती. लागंल."

गुणाबाई म्हणाल्या, "पन्नास वरसं दगडं हायती म्हणतायसा. बघू दे की एकदा केवढी हायती."

कुणीच हसलं नाही. परशरामनं फळी पाण्यात घातली, काढली, परत घातली. आणि मग काहील फिरली. हळूहळू, गोल गोल, ओढ्याच्या जुन्या वाटेवरून पलीकडं.

खरंच दगड होते. काहिलीच्या बुडाला खर्रर्र करून काहीतरी घासलं आणि आम्ही सगळ्या एकमेकींवर कलंडलो. आपली वस्ती खडकाळ उंचवट्यावर होती, जिथं काही पिकत नाही तिथं. त्यामुळं पाणी तिथं शेवटी चढलं असणार, आणि आता उतरतंयही तिथूनच आधी. मी वाकून हात घातला. कोपरापर्यंत. बोटांना शेवाळ लागलं आणि शेवाळाखाली दगडाची सरळ कड. सरळ, अण्णा. खडकाला अशी कड नसते.

"घर दाव," परशराम म्हणाला.

मला काय दाखवता येणार? मी म्हणाले, "मला माहीत नाही. आईला विचारून सांगते."

आता मात्र बायका हसल्या, आणि ते हसणं वाईट नव्हतं. सदलग्याची तीच बाई म्हणाली, "मग फुडल्या ऐतवारी आण की तिला. पाणी आणि उतरंल तवर." परशरामनं काठावर ठोका दिला नाही. ते घर दाखवल्यावरच द्यायचा असतो म्हणे.

बस आली.

उपासना


वडगाव, बेळगाव
गुरुवार, २३ मे, बुद्ध पौर्णिमा

प्रिय अण्णा,

जय भीम. आज आईला सांगितलं.

चार दिवस धीर होत नव्हता. आज सकाळी विहारात जाऊन आलो, खीर झाली, आणि जेवण झाल्यावर मी लॅपटॉप तिच्यापुढं उघडून ठेवला. पाण्याकडं बोट दाखवणाऱ्या बायका. तिनं चष्मा लावला आणि बघत राहिली. मग तलावाकाठच्या एका फोटोत, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या म्हातारीवर बोट ठेवलं. "ही गुणी न्हवं?"

मग माझ्याकडं वळून, "लबाड. हिडकल म्हणालीस."

मला वाटलं, आता चिडेल किंवा उठून आत जाईल. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. ती ऐकत बसली. आणि मग तिनं काय विचारलं असेल? गुणाबाई काय म्हणाल्या, ते नाही. मला काहिलीत घेतलं की नाही, तेही नाही. तिनं विचारलं, "पाणी कुठवर हाय?"

मी हात दाखवला, कोपरापर्यंत. दगडाच्या कडेचंही सांगितलं. तिचा चेहरा असा काही झाला की मी तिला तसं पूर्वी बघितलंच नव्हतं. जत्रेत पाळणा दिसल्यावर पोरीचा होतो तसा.

"तू काय बघायला गेली होतीस गं तेव्हा?" मी विचारलं.

"घर दिसतंय का बघायला. दुसरं काय? सगळी रडत हुती, घर गेलं, घर गेलं. गेलं म्हंजे कुठं गेलं? घराला काय पाय हायती? खालीच आसणार की ते. मी आप्पाला म्हटलं, मला दाव. आप्पा म्हणाला, पाण्यात काय दिसतंय, येडे. मी म्हटलं, बघितल्याबिगर कसं कळंल?"

"दिसलं?"

"पयल्यांदा नुसतं हिरवं. मग आप्पा हलायचा थांबला, पाणी निवळलं. भिताडाची वरली कड दिसली. आणि तिच्यावर हा एवढा मासा, ऐटीत, जसं काय त्येचंच घर. मला आसं हसाय आलं! मी म्हटलं, आप्पा, आपल्यात भाडेकरू आलाय. आप्पा बी हसाय लागला, त्येच्या तोंडात पाणी गेलं."

"गुणाबाई म्हणाल्या, तू रडत होतीस."

"त्यास्नी तसं वाटलं आसंल. लांबनं काय कळतंय."

सबंध गावानं तिचं रडणं बघितलं आणि त्या रडण्यावर एक परंपरा उभी केली. आणि पोरगी हसत होती.

मग मी विचारलं, आम्हाला कधी का सांगितलं नाहीस? तिनं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, लग्न झाल्यावर बाबांना सांगितलं होतं. बाबा तेव्हा नवीनच मास्तर झाले होते. ते म्हणाले, विसर ते. ती वस्ती बुडाली ते बरंच झालं, ती बुडायलाच पाहिजे होती.

अण्णा, बाबांचा आवाज मला ऐकू आला. तुझाही.

आई म्हणाली, "त्यांचं बी खरं हुतं. त्या वस्तीत काय काय सोसलं ते त्यास्नी ठावं हुतं, मला बी ठावं हुतं. विहिरीवर लांब हुबं ऱ्हायचो आमी. पर त्या वस्तीत माझं घर बी हुतं की. वस्ती बुडू दे. घराचं मला वाईट वाटतंय, एवढं म्हणाय पायजे हुतं मी. ते म्हणता आलं न्हाई. मग गप बसलो."

एवढं बोलून ती उठली आणि माझं खिरीचं भांडं घासायला घेऊन गेली. आतून विचारलं, "ऐतवारी बस किती वाजता हाय?"

मी अजून कुणालाच काही ठरवून सांगितलेलं नाही. हे पत्र मात्र आधीच्या तिन्हींसोबत आजच कुरियरनं पाठवते, म्हणजे शनिवारच्या आत तुला मिळेल. तुला काही म्हणायचं असेल तर तिच्याशी बोल. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

उपासना


वडगाव, बेळगाव
सोमवार, २७ मे

प्रिय अण्णा,

तू शनिवारी आईला फोन केलास, हे तिनं मला तू ठेवल्यावर सांगितलं. मी अंघोळ करत होते. खरं-खोटं तुम्हा दोघांना माहीत. जाऊ नको, पाणी आहे, गुडघे दुखतात तुझे, असं तू म्हणालास म्हणे. "मी सांगितलं त्येला, गुडघं काठावर दुखत्यात, पाण्यात न्हाय." आणि तू हसलास, असंही ती म्हणाली. तू हसलास हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

तर काल गेलो. आता ऐक.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि निपाणी सोडल्यावर बोलायची थांबली. जीप तलावाच्या वळणावर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "हे आसं नव्हतं." तंबूंच्या रंगीत खुर्च्या तिनं बघितल्या न बघितल्यासारख्या केल्या.

गुणाबाई काठावर आल्या होत्या. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलणं होईल, माफी किंवा तक्रार.  आई म्हणाली, "जाड झालीस गं." गुणाबाई म्हणाल्या, "तू बी." आणि मग दोघी मिळून काहिलीकडं निघाल्या, म्हणजे खरं तर आईच पुढं आणि गुणाबाई मागं. त्या वर्षी काहिलीतून न उतरलेली ती बाई काल आईच्या आधी आत चढली नाही. हात धरून आईला चढवलं, मग स्वतः. एवढंच झालं. आईनं तो हात धरला, पण आत बसल्यावर सोडलाही. मी जसं झालं तसं सांगते आहे.

स्वरूपनं फलकाचा मजकूर मला वाचायला दिला. आता त्यात "सुमारे पन्नास वर्षांपूर्वी" असं आहे. कुणी सुरू केलं, तिथं त्यानं जागा मोकळी सोडलीय. पणजीचंच नाव हवं असलेले त्याचे काका काय म्हणतील याची भीती आहे त्याला. मी त्याला नाव सांगितलं आहे, लिहायचं की नाही ते आता त्याचं त्यानं बघावं. आईला मी फलकाचं सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात मासा बी लिवा म्हणावं."

काल फेरी नव्हती, सण गेल्या रविवारीच झालेला. काहिलीत आम्ही तिघी आणि परशराम, म्हणून ती जरा शहाण्यासारखी चालली. परशराम ओढ्याच्या वाटेनं निघाला, तर आई म्हणाली, "डावीकडनं घे." तो म्हणाला, "डावीकडं गाळ हाय, आक्का." ती म्हणाली, "गाळ नंतर आला. वाट डावीकडनंच हाय." त्यानं डावीकडून घेतली.

आठवड्यात पाणी आणखी वीतभर उतरलं होतं. एके ठिकाणी आई म्हणाली, थांब. परशरामनं फळी आडवी धरली आणि त्याच्या त्या ठरलेल्या आवाजात विचारलं, "कुणाची गं लेक?"

आई म्हणाली, "लेक कसली? बासष्ट वरसाची बाई हाय मी. माझं घर हाय हे."

 नेहमीचं "घर दाव" त्यानं म्हटलंच नाही. आईनं काठावर वाकून बघितलं, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात लावून. मी विचारलं, दिसतंय का? ती म्हणाली, "गढूळ हाय." आणि आम्हाला काही कळायच्या आत तिनं लुगडं खोचलं, काहिलीच्या काठावरून पाय टाकला आणि उतरली.

गुणाबाई किंचाळल्या. काहील अशी डुलली की परशरामच पडायचा. आणि आई पाण्यात उभी होती, अण्णा. कमरेइतक्या. तळ्याच्या मधोमध, चहूकडं पाणीच पाणी, आणि ती उभी.

"हलू नगासा!" परशराम सवयीनं ओरडला.

ती हलतच होती. पायानं चाचपत होती. एक पाऊल इकडं, एक तिकडं, हात पाण्यावर पसरून. "ही भिताड... हे पडलंय... हितनं कोपरा..." मग थांबली. पाय मागंपुढं करून बघितला. "हा उंबरा."

मी फोटो काढत होते. तू हे वाचून नाक मुरडशील, पण काढत होते. दुसरं काय करायचं असतं, हे मला येत नाही. ती उंबऱ्याच्या आत गेली, आमच्याकडं पाठ करून. डावा हात लांब केला. "हितं चूल." उजवा. "हितं आप्पा निजायचा." मग वळली. लेन्समधून मला दिसलं, ती माझ्याकडं बघतेय, आणि तिच्या चेहऱ्यावर तो भाव आहे जो वडगावच्या घरात मी वेळेवर जेवायला आले नाही की असतो.

"भाईर का हुबी? ती पेटी ठेव आणि ये की आत."

कॅमेरा परशरामच्या हातात दिला. त्यानं दोन फोटो काढले, दोन्हीत आमची डोकी कापली गेली आहेत. त्यातला एक सोबत ठेवते. पाण्यात उभ्या दोन बायका, खांद्यापासून खाली. एकीनं दुसरीचं मनगट धरलंय. धरणारी आई आहे.

मी उतरले. पाणी वर कोमट आणि खाली गार होतं. पायाखाली गाळ, मग दगड, मग परत गाळ. तिनं मला ओढत नेलं, "पाय उचल, उंबरा हाय," म्हणाली. मी उचलला, तरी अंगठा ठेचलाच. मग मी आत होते. आत तळ सपाट आहे. इतकी वर्षं पाण्याखाली सारवलेली जमीन टिकत नाही, हे मला कळतं. पण सपाट आहे.

"बारकं हाय," आई म्हणाली. लाजून म्हणाली, अण्णा, पाहुण्यांना म्हणतात तसं. "आमी सात जण ऱ्हायचो ह्यात."

मग तिनं हातानं थोडं पाणी बाजूला सारलं, बसायला जागा करावी तसं.

तुझी
उपासना